जिप्सी किंगचं इंजिन मॉडिफाय केलंय, इग्निशन टायमिंग नक्की कसं लावायचं?

जिप्सीवाला_वारजे

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची जिप्सी किंग, कार्बवाली, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह. इंजिन पूर्ण खोलून केलंय, बोअर पुढच्या साइजला नेला, हेड फेसिंगला दिलं तेव्हा मुद्दाम थोडं जास्त घासून घेतलं, कॅम रिग्राइंड करून आणला ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडे राहायचा काळ) वाढवून, ४-२-१ हेडर (एक्झॉस्टचे पाइप) टाकला आणि जेट मोठे केले. चेंबर बुरेटने मोजून कॉम्प्रेशन काढलं ते १०.२ च्या आसपास येतंय.

आता दुखणं सांगतो. मेकॅनिकने डेल्को (डिस्ट्रिब्युटर) फिरवून स्लोवर (आयडलिंगला) जिथे इंजिन सगळ्यात छान चालतंय तिथे टाइट केला, तर शहरात गाडी मस्त, पण खंबाटकीला तिसऱ्या गिअरमध्ये चढताना ॲक्सिलरेटर दाबला की खडखडखड असा बारीक आवाज येतो आणि पाय उचलला की बंद. म्हणून मग डेल्को थोडा रिटार्डकडे (ठिणगी उशिरा पडेल असा) घेतला. खडखड गेली, पण आता स्लो धड लागत नाही, सिग्नलला बंद पडते, पिकअप मेलाय आणि रात्री बॉनेट उघडून बघितलं तर हेडरचे पाइप लालसर दिसत होते. म्हणजे एका बाजूला ओढलं की दुसरी बाजू उघडी पडते. मॅन्युअलमधला आकडा स्टॉक इंजिनचा, तो माझ्या इंजिनाला लागू पडत नाही हे कळतंय, पण मग लागू पडणारा आकडा शोधायचा कसा? टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) मित्राकडून मिळेल. गाडी मला नुसती पळवायची नाहीये, वर्षानुवर्षं ठेवायचीय, त्यामुळे पिस्टन फोडून शिकायची तयारी नाही.

सिंहगडरोडकर

अरे एवढं काय, माझ्या एस्टीमला नाना पेठेतले एक जुने मेकॅनिक कायम कानानेच टायमिंग लावायचे. ॲडव्हान्स करत जायचं (ठिणगी आधी आणायची), गरम इंजिनवर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा, हलकी टकटक होऊन लगेच गेली की बरोबर, जास्त टिकली की थोडं मागे. पंधरा मिनिटांचं काम. गाडी दीड लाख किलोमीटर चालली, हेड कधी उघडलं नाही.

बोअर_स्ट्रोक

सिंहगडरोडकर, ती पद्धत स्टॉक इंजिनला चालते आणि का चालते ते समजून घेतलं की इथे का चालणार नाही तेही कळेल. कंपनीने डेल्कोच्या आतली वजनं, स्प्रिंगा, व्हॅक्यूमचा डबा हे सगळं त्या इंजिनाच्या कॅमला आणि कॉम्प्रेशनला जुळवून दिलेलं असतं, म्हणजे पूर्ण कर्व्ह (कुठल्या आरपीएमला किती ॲडव्हान्स) बरोबर असतो, तुम्ही फक्त त्याची सुरुवात जागेवर आणता. जिप्सीवाल्या दादांनी कॅम आणि कॉम्प्रेशन दोन्ही बदललंय, त्यामुळे कर्व्हचा आकारच चुकीचा झालाय आणि डेल्को कितीही फिरवला तरी आकार बदलत नाही, अख्खा कर्व्ह वर किंवा खाली सरकतो एवढंच. तुम्हाला जे दोन टोकांचं दुखणं दिसतंय ते त्याचंच.

जरा सविस्तर लिहितो कारण हा मुद्दा नीट बसला की बाकी सगळं सोपं आहे.

प्लगमध्ये ठिणगी पडली की मिश्रण एका क्षणात पेटत नाही, ज्योत चेंबरभर पसरायला वेळ लागतो. पिस्टनवर सगळ्यात जास्त दाब टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) नंतर साधारण १४ ते १७ डिग्रीला आला तर सगळ्यात जास्त टॉर्क मिळतो, आणि तो तिथे यावा म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधी पाडायची. आरपीएम वाढले की तेवढ्याच वेळात क्रँक जास्त फिरतो म्हणून ठिणगी आणखी आधी, ते काम डेल्कोतली वजनं करतात. हलक्या ॲक्सिलरेटरवर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरतं, ते सावकाश जळतं म्हणून तिथे आणखी ॲडव्हान्स, ते काम व्हॅक्यूमचा डबा करतो.

आता तुमचे बदल बघा. कॉम्प्रेशन वाढलं म्हणजे मिश्रण जास्त दाबलं गेलं, जास्त गरम झालं, ते लवकर जळतं, म्हणून पूर्ण लोडवर आधीपेक्षा कमी ॲडव्हान्स लागतो आणि नॉकिंगची (मिश्रण आपोआप भडकून होणाऱ्या त्या खडखडीची) हद्दही जवळ आली. लांब ड्युरेशनचा कॅम याच्या बरोबर उलटा वागतो. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढल्यामुळे स्लोवर जळलेला वायू परत सिलिंडरमध्ये मिसळतो, व्हॅक्यूम पडतो, मिश्रण घाणेरडं आणि संथ होतं, म्हणून स्लोवर आधीपेक्षा जास्त ॲडव्हान्स लागतो. एकाच इंजिनाला खाली जास्त हवाय आणि वर कमी.

आकड्यात मांडतो, हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्या डेल्कोचे मोजावे लागतील. समजा स्टॉकला बेस (स्लोवरचा ॲडव्हान्स) ८ आणि वजनांचा ॲडव्हान्स २४, टोटल ३२. तुमच्या मेकॅनिकने कानाने स्लो गोड लावला तेव्हा बेस १४ झाला असेल, वजनांचे २४ तसेच, म्हणजे टोटल ३८. खंबाटकीला खडखड होणारच. रिटार्ड करून टोटल ३२ वर आणलं की बेस परत ८, कॅमला ते पुरत नाही, मिश्रण उशिरा जळतं, ज्योत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालूच राहते आणि उष्णता हेडरमध्ये जाते. लाल पाइप तिथून आले.

उपाय म्हणजे वजनांचा प्रवास कमी करायचा. २४ चे १८ केले की बेस १४, टोटल ३२, दोन्ही टोकं सुखी. यात एक गोष्ट लोक विसरतात, डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकचे १८ म्हणजे डेल्कोवर ९ डिग्रीच. वेल्डिंग करताना हा हिशोब चुकला तर दुपटीने चुकतो.

पण या सगळ्याच्या आधी पहिलं काम, तुमचा टीडीसीचा मार्क खरा आहे का ते तपासा. खरंच सांगतो, मॉडिफाय केलेल्या इंजिनावर मी मार्कवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. रबरवाली पुली असेल तर बाहेरची रिंग वर्षानुवर्षांत सरकते, इंजिन जुळवताना पुली किंवा फ्लायव्हील दुसऱ्या गाडीचं बसलेलं असू शकतं, पॉइंटर वाकलेला असतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, जुन्या प्लगचं पोर्सिलेन फोडून त्यात बोल्ट बसवून पिस्टन स्टॉप करा, टोक गोल घासून घ्या म्हणजे पिस्टनला चरा पडणार नाही. बॅटरीची वायर काढा, बाकीचे प्लगही काढा म्हणजे हलकं फिरेल. पान्याने क्रँक हळू फिरवा, पिस्टन टेकला की पुलीवर खूण, उलटा फिरवा, टेकला की दुसरी खूण. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. स्टार्टर मारून हे करायचं नाही, पिस्टनला भोक पडेल.

मग पुलीवर डिग्रीच्या खुणा करा. पुलीचा व्यास गुणिले ३.१४ भागिले ३६०, एवढे मिमी म्हणजे एक डिग्री. १३० मिमी पुली असेल तर एक डिग्री १.१३ मिमी, ३० डिग्री म्हणजे परिघावर ३४ मिमी. कागदी पट्टीवर आखून, वर पारदर्शक टेप लावून चिकटवा, किंवा सरळ पांढऱ्या रंगाने १०, २०, ३० आणि ४० च्या रेघा मारा.

हे झालं की लाइट लावा. क्लॅम्प पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरवर, व्हॅक्यूमची नळी डेल्कोकडून काढून तिचं तोंड बंद करायचं, नुसती उघडी सोडायची नाही, नाहीतर हवा ओढून स्लो वाढेल आणि वजनं उघडायला लागतील. स्लोवर बेस लिहून घ्या, मग १५००, २०००, २५०० असं चढत चढत जिथे मार्क हलायचा थांबतो तिथपर्यंतचे आकडे लिहा. तो कागद इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.

फियाटकाका

बोअर_स्ट्रोकने छान लिहिलंय. मी एक जोडतो, जिप्सीला नसेल पण धागा वाचणाऱ्या पद्मिनीवाल्यांसाठी. माझ्याकडे १०८९ सीसीचं इंजिन आहे, अजून पॉइंटवर (उघडला की ठिणगी पाडणारा डेल्कोतला यांत्रिक स्विच). पॉइंटच्या गाडीत आधी पॉइंटचा गॅप लावायचा आणि मगच टायमिंग, उलट करून चालत नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते, टायमिंग आपोआप ॲडव्हान्स. पॉइंटची टाच झिजत गेली की गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू रिटार्डकडे सरकतं, त्यामुळे गाडी महिन्यामहिन्याला मऊ होत जाते आणि माणसाला वाटतं कार्ब खराब झालाय. तसंच डेल्कोच्या शाफ्टचा बुश ढिला असेल तर प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळतं. लाइट मारल्यावर मार्क एका जागी न थांबता थरथरत असेल तर कर्व्हच्या गोष्टी बंद करा, आधी बुश बदला. शाफ्ट धरून आडवा हलवून बघायला एक मिनिट लागतं.

आणि वजनांना जरा तेल द्या रे. आमच्याकडे गाडी खोलतात, रंगवतात, पण डेल्कोची प्लेट उचलून खाली वजनं फिरतात की गंजून बसलीत हे बघत नाहीत. रोटर हाताने फिरवून सोडला की टपकन मागे आला पाहिजे.

कानाच्या बाबतीत, नाना पेठेतल्या त्या मेकॅनिकबद्दल मला आदर आहे. त्या लोकांनी शंभर फियाट आणि हजार मारुती ऐकल्यात म्हणून त्यांचा कान तयार झालाय. पण तो कान स्टॉक गाड्यांवर तयार झालाय. फ्री फ्लो हेडर लावल्यावर वरच्या आरपीएमला एक्झॉस्टच्या आवाजात नॉकिंग ऐकूच येत नाही, आणि नुकसान होतं ते तिथेच.

जिप्सीवाला_वारजे

काका, बुश नवीन आहे, वजनं साफ करून बसवलीत. पिस्टन स्टॉप बनवायला घेतो. बोअर_स्ट्रोक, वजनांचा प्रवास कमी करायचा म्हणजे नक्की कुठे काय करायचं? आणि स्प्रिंगा बदलून तेच होत नाही का?

लेथवाला_भोसरी

हे मी सांगतो, हेच काम करतो. स्प्रिंग आणि स्टॉपर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्प्रिंग ठरवते ॲडव्हान्स किती लवकर येईल, कुठल्या आरपीएमला सुरू आणि कुठे पूर्ण. स्टॉपर ठरवतो एकूण किती येईल. हलकी स्प्रिंग टाकली तर तेच २४ आधी येतील, कमी होणार नाहीत, आणि उलट खाली २०००-२५०० ला लोडवर नॉकिंग वाढेल. त्यामुळे आधी स्टॉपर.

प्लेटच्या खाली कॅमच्या तुकड्याला एक खाच असते आणि त्यात पिन फिरते, ती पिन खाचेच्या टोकाला टेकली की ॲडव्हान्स संपला. काही डेल्कोत खाचेऐवजी वजनच बाहेरच्या कडेला टेकतं. खाचवाला असेल तर खाचेच्या एका टोकाला पितळेचा वेल्ड भरून फाइलने नेमकं माप आणायचं, किंवा पिनवर पातळ बुश चढवायचा. मी बुश पसंत करतो, परत काढता येतो, वेल्ड केलं की मागे फिरायला मार्ग नाही. वेल्ड करायचंच तर सगळं सुटं करून करा, पिकअप कॉइल आणि मॉड्यूल जवळ असताना वेल्डिंगची अर्थिंगची वायर लावू नका, मॉड्यूल जातं.

आणखी एक, हेड किती घासलंय ते सांगा. हेड खाली आलं की कॅमची पुली क्रँकच्या जवळ येते, ओढणाऱ्या बाजूचा पट्टा तेवढा मोकळा होतो आणि तो भरून काढताना कॅम उशिरा पडतो. कॅम पुली साधारण १०० मिमी धरली तर एक मिमी घासल्यावर क्रँकच्या हिशोबाने दोनेक डिग्री. डेल्को कॅमच्याच टोकावर आहे म्हणून तोही तेवढा मागे जातो, पण ते तुम्ही लाइटने भरून काढाल. कॅमचं उशिरा होणं मात्र लाइटने भरून निघत नाही, खालचा टॉर्क जातो आणि माणूस तो टॉर्क इग्निशन ॲडव्हान्स करून शोधत बसतो. स्लॉट केलेली कॅम पुली बसवली तर ते दुरुस्त होतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर चिकणमाती ठेवून तपासलं होतं ना?

जिप्सीवाला_वारजे

हो ते तपासलं होतं, अंतर भरपूर आहे. हेड ०.८ मिमी गेलंय.

ट्रिगर३६

मी या सगळ्यातून बाहेर पडलो, डेल्को काढून क्रँकला ३६-१ दातांचं चाक (३६ पैकी एक दात काढलेला) आणि प्रोग्रॅमेबल ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) लावला. कर्व्ह लॅपटॉपवर हवा तसा आखता येतो, लोडप्रमाणे वेगळा, आरपीएमप्रमाणे वेगळा, वेल्ड नाही, स्प्रिंग नाही. बजेट असेल तर तोच रस्ता.

पण त्यातही टायमिंग लाइट सुटत नाही, हे नवीन लोकांनी लक्षात घ्या. ईसीयूच्या स्क्रीनवर २० डिग्री दिसतंय म्हणजे इंजिनात २० आहे असं अजिबात नाही, ईसीयूला हरवलेला दात टीडीसीपासून किती डिग्रीवर आहे ते तुम्हीच सांगितलंय. म्हणून आधी सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग एका आकड्यावर लॉक करायचं, समजा १०, आणि पुलीवर लाइट मारून खरंच १० दिसेपर्यंत ट्रिगर अँगल बदलायचा. मग लॉक तसाच ठेवून ४००० पर्यंत रेस द्यायची. मार्क जागेवरून हलला नाही पाहिजे. आरपीएमबरोबर सरकत गेला तर क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात का बघा, मॅग्नेटिक सेन्सरमध्ये पोलॅरिटी उलटी असली की हेच होतं. हे न तपासता मॅप करायला बसलेल्या लोकांची इंजिनं वर जाऊन फुटतात.

आणि डायलवाला टायमिंग लाइट वेस्टेड स्पार्कवर (प्लगला दर फेरीला एक ठिणगी देणारी पद्धत) वापरत असाल तर तो प्रत्येक फेरीला ठिणगी बघतो आणि काही लाइट दुप्पट आकडा दाखवतात. डायल शून्यावर ठेवून पुलीवरच्या खुणा वाचा, त्या खोटं बोलत नाहीत.

जिप्सीवाला_वारजे

घ्या, कागद तयार.

पिस्टन स्टॉपने टीडीसी काढला तर जुना मार्क चक्क ४ डिग्रीने चुकलेला निघाला. मॅन्युअलप्रमाणे लावलंय असं जे समजत होतो ते प्रत्यक्षात ४ ने जास्त होतं.

नवीन मार्कवर, व्हॅक्यूम नळी बंद, डेल्को परत स्लो चांगला लागतो त्या जागी: ९०० ला १५, १५०० ला १९, २००० ला २५, २५०० ला ३१, ३००० ला ३७, ३३०० ला ३९ आणि त्याच्या वर हलत नाही. म्हणजे वजनांचे २४ आणि टोटल ३९, बोअर_स्ट्रोक तुम्ही अंदाजाने लिहिलं होतं त्याच्या एकच जास्त. व्हॅक्यूम जोडल्यावर हलक्या रेसला आणखी १० ची भर पडते.

बोअर_स्ट्रोक

सुंदर काम केलंत, एवढा कागद असला की अंधारात चाचपडणं संपतं.

१०.२ कॉम्प्रेशनवर ३९ टोटल ठेवून आता एकही घाट चढू नका. लेथवाल्यांच्या बुशने वजनांचा प्रवास क्रँकचे १६ वर आणा, डेल्कोवर ८. बेस १२ पासून सुरू करा, टोटल २८ होईल, हे मुद्दाम कमी आहे. मग दोन-दोन डिग्रीने वर जायचं, ३०, मग ३२. प्रत्येक वेळी तोच चढ, तोच गिअर, इंजिन तेवढंच गरम, टाकीत तेच पेट्रोल. डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं मशीन) मिळाला तर उत्तमच, तिथे टॉर्क वाढायचा थांबला की कळतं आणि वर्दळीच्या रस्त्यावर जीव धोक्यात घालायला नको. डायनो नसेल तर कमी वर्दळीच्या चढावर, मर्यादेत राहून, तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ५० ला किती सेकंद लागतात ते बाजूला बसलेल्याने मोबाइलवर मोजायचं. दोन डिग्री वाढवून सेकंद कमी झाले नाहीत तर ते दोन परत काढून घ्या. इथेच लोक घसरतात, नॉकिंग होईपर्यंत वाढवत नेतात आणि मग एक मागे येतात. सगळ्यात जास्त टॉर्क देणारा सगळ्यात कमी ॲडव्हान्स हवाय आपल्याला, नॉकिंगची हद्द नकोय. तुमचं इंजिन ३० ला पोट भरलं म्हणत असेल तर ३२ देऊन फक्त उष्णता मिळेल.

ऐकायची सोय करा. तांब्याच्या नळीचा तुकडा घ्या, एक टोक हातोडीने चपटं करून भोक पाडून ब्लॉकला एखाद्या मोकळ्या बोल्टखाली टाइट करा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून केबिनमध्ये आणा आणि कारखान्यात मिळतात तसल्या आवाज बंद करायच्या इअरमफमध्ये खुपसा. बाजूला बसणाऱ्याने ते घालायचं, गाडी चालवणाऱ्याने नाही. हेडरच्या आवाजातसुद्धा नॉकिंग काचेवर वाळू पडावी तसं स्वच्छ ऐकू येतं. माझ्या मते ही दोनशे रुपयांची वस्तू टायमिंग लाइटइतकीच महत्त्वाची आहे.

मग प्लग वाचा. पूर्ण लोडवर चढ चढून लगेच क्लच दाबून इंजिन बंद करून सुरक्षित जागी थांबा, प्लग काढा, भिंग घ्या. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड सांडल्यासारखे काळे किंवा चमकदार ठिपके असतील तर ते नॉकिंग, चमकदार असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे आणि आपण उशीर केलाय. ग्राउंडच्या वाकलेल्या पट्टीवर उष्णतेने रंग बदललेली एक रेघ दिसते, ती टोकाकडे असेल तर टायमिंग कमी, पट्टीच्या मुळाशी बॉडीपर्यंत गेली असेल तर जास्त, वळणाच्या आसपास हवी. प्लग स्टॉकपेक्षा एक पायरी थंड घ्या, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, ६ होता तर ७.

व्हॅक्यूमचे १० काढू नका. हायवेला ८० ने आरामात जाताना ते अॅव्हरेज देतात आणि इंजिन थंड ठेवतात. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि ते १० आपोआप निघून जातात, त्यामुळे घाटातल्या खडखडीचा दोष त्यांना देता येत नाही. फक्त अर्ध्या ॲक्सिलरेटरवर टकटक झाली तर त्यांच्याकडे बघायचं.

अनुजा_ऑफरोड

माझ्या जिप्सीचा अनुभव वेगळ्या अंगाने. पुण्यात एकदम स्वच्छ चालणारी गाडी ताम्हिणी उतरून माणगावकडे गेलं की चढाला टकटक करायला लागते, परत वर आलं की गायब. आधी मला कोकणातल्या पेट्रोलचा संशय होता, पण टाकी पुण्यात भरून नेली तरी तेच. आणि दुसरं म्हणजे आम्ही लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे हळू, जास्त ओढणारे गिअर) दगडांवरून हळू काढतो तेव्हा १२००-१५०० ला पूर्ण लोड येतो. तिथे कर्व्ह कसा हवा याचा कुणी विचार केलाय का? आणि आता सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) झालंय, त्याने टायमिंगला फायदा की तोटा?

बोअर_स्ट्रोक

अनुजाताई, पेट्रोलचा संशय सोडा, कारण तुमच्या घाटात आहे. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी. खाली उतरलात की सिलिंडरमध्ये तेवढी जास्त हवा भरते, दाब वाढतो, नॉकिंगची हद्द जवळ येते. कोकणातली दमट हवा थोडी मदत करते, पाण्याची वाफ जळण्याचा वेग कमी करते, पण एप्रिल-मेमध्ये ती मदत पुरत नाही. म्हणून पुण्यात कडेवर लावलेलं टायमिंग कोकणात उघडं पडतं. ज्यांची गाडी खाली उतरते त्यांनी इथे जो आकडा सापडेल त्यातून दोन डिग्री काढून ठेवा. पुण्यात तेवढ्याने काही जाणवणार नाही.

लो रेंजचा प्रश्न फार चांगला आहे. तिथे मऊ स्प्रिंग हा शत्रू, कारण १५०० ला लोड पूर्ण आणि ॲडव्हान्स आधीच आलेला. जिप्सीवाल्या दादांच्या कागदावर १५०० ला बेसच्या वर ४ च आलेत, म्हणजे स्प्रिंग ठीक आहे, बदलू नका. शिवाय गरम हवेकडे लक्ष द्या. हेडर बसवल्यावर एअर फिल्टरचं तोंड बऱ्याचदा त्याच्या बरोबर वर येतं आणि दगडांवरून हळू जाताना समोरून वारा नसतो, कार्ब उकळती हवा पितो. तोंड ग्रिलच्या मागे नेलं आणि हेडरला कव्हर केलं की टायमिंगला हात न लावता बराचसा फरक पडतो.

ई२० चं दुहेरी आहे. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आणि बाष्प होताना ते उष्णता शोषतं, त्यामुळे नॉकिंगला पेट्रोल स्वतः चांगलं. पण पेट्रोलला १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९ पट, म्हणजे त्याच जेटमधून ई२० गेलं तर मिश्रण आठेक टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. ईसीयूवाल्या गाड्या ऑक्सिजन सेन्सर बघून भरून काढतात, आपल्या कार्बला ते कळत नाही. लीन मिश्रण लोडवर गरम जळतं आणि नॉक करतं. म्हणून आधी जेट, मग टायमिंग, हा क्रम ई२० वर मोडू नका. जेट बदलला की प्लग परत वाचा आणि टोटल परत तपासा. आणि कार्बचे ॲक्सिलरेटर पंपाचे डायफ्रॅम, रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का तेही बघून घ्या, जुनं रबर फुगतं.

सिंहगडरोडकर

माझी एस्टीम नंतरची एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्शनची) आहे, तिच्यातही डेल्को दिसतो. तोही असाच फिरवून लावायचा का?

ट्रिगर३६

नाही, तिथे थेट लाइट मारून लावू नका. एमपीएफआयमध्ये स्लोवर ईसीयू सतत टायमिंग पुढेमागे करून आरपीएम सांभाळत असतो, तुम्ही डेल्को फिरवाल आणि तो उलटं करून परत आणेल. डायग्नोस्टिक कनेक्टरमधली टेस्टची पिन ग्राउंडला जोडली की ईसीयू टायमिंग एका जागी धरून ठेवतो, मग लाइट मारून मॅन्युअलचा आकडा लावायचा, टाइट करायचा आणि वायर काढून घ्यायची. कुठली पिन ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा, चुकीची पिन ग्राउंड केली तर ईसीयू जाऊ शकतो. स्टॉक असेल तर एवढ्यावर थांबा.

जिप्सीवाला_वारजे

लेथवाला दादा, डेल्को काढून तुमच्याकडे आणतो, वेल्ड नको, बुशच करू. फिल्टरचं तोंड ग्रिलमागे नेण्याचं काम घरीच सुरू केलंय. जेट पुढच्या साइजचे मागवलेत, ते आले की बेस १२, टोटल २८ पासून सुरू करतो आणि प्रत्येक पायरीचे सेकंद आणि प्लगचे फोटो इथेच टाकत जातो.